‘पाशी’ ऐकल्याशिवाय करवत ओढायची नाही

ज्या माणसानं तुमच्याशी बोलणं टाकलंय, त्याचा हात तुमच्या करवतीच्या वाटेत आहे की नाही, हे तुम्हाला कसं कळणार?

लगेच उत्तर देऊ नका. मी दिलं असतं, कारण मला उत्तरं लहानपणापासून तयार मिळत आली. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील छापखान्यात कागदाच्या घड्या घालायचे आणि शाई फिसकटून वाया गेलेली पत्रकं घरी आणायचे. पाठच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवायचो. गणित अडलं की पान उलटून वाचायचो. ‘जागे व्हा’, ‘सामील व्हा’, ‘आम्ही मागणी करतो’, ‘आपण सारे’. या भाषेवर मी वाढलो आणि पुढं स्वतः पत्रकं लिहू लागलो. पण त्या भाषेत एक उणीव आहे, ती मला फार उशिरा कळली. पत्रकात ‘मी’ नसतो. एकट्या माणसाचं काय होतं, ते कुठल्याच पत्रकात छापलेलं नव्हतं.

ते मला चिकलठाण्याच्या एका कारखान्यात कळलं.

औरंगाबादच्या भोवती तेव्हा माळरानावर शेड उभ्या राहत होत्या. सकाळी चालत निघालं तर कालपर्यंत बोरी-बाभळी होत्या तिथं आज तारेचं कुंपण दिसायचं. या सगळ्या कारखान्यांतून बाहेर जाणाऱ्या यंत्रांना, पंपांना, सुट्या भागांना लाकडी खोकी लागायची. ती खोकी आम्ही बनवायचो. लांबलचक पत्र्याची शेड, एका टोकाला फळ्यांच्या थप्प्या, दुसऱ्या टोकाला खिळे ठोकणाऱ्यांची रांग आणि मधोमध आमची करवत. कागदोपत्री तिचं नाव रेडियल आर्म सॉ. आमच्या तोंडी नुसती ‘रेडियल’.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. टेबलाच्या वर एक आडवी लोखंडी भुजा असते. तिच्याखाली मोटार टांगलेली असते आणि मोटारीला गोल पातं. मुठीला धरून सगळं धूड आपल्याकडं ओढायचं. टेबलाला मागच्या बाजूला एक उभी पट्टी असते. फळी त्या पट्टीला टेकवून ठेवायची आणि पातं मागून पुढं येता येता ती आडवी कापतं.

मला ही करवत ज्या मिस्तरींनी शिकवली ते दख्खनी बोलायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या कोपराखाली हात घातला आणि म्हणाले, “खींचना नक्को मियाँ. ये खुद आती. रोकना.”

मला काही समजलं नाही. मग त्यांनी एक टाकाऊ फळी लावली, मूठ माझ्या हातात दिली आणि माझ्या हातावर आपला हात ठेवला. पातं लाकडाला लागलं मात्र, ते सगळं धूड माझ्या अंगावर चालून आलं. पात्याचे दात ज्या दिशेनं फिरतात त्याच दिशेनं आपण ते आणत असतो, म्हणून ते लाकडावर चढून स्वतःच पुढं धावतं. ओढायचं कामच नसतं. उजवा हात कोपरात ताठ ठेवायचा आणि तिला हळूहळू येऊ द्यायचं, बैलगाडी उतारावर असताना कासरा धरावा तशी. कोपर ढिला सोडला की करवत उसळते, अडकते, फळी भिरकावते.

बाकीचे नियमही त्यांनीच हाडात मुरवले. आपण पात्याच्या रेषेत उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं. डावा हात फळी दाबून धरणार, पण कापाच्या रेषेपासून वीतभर लांब. एका हातावरून दुसरा हात कधी न्यायचा नाही. फळी वाकडी असेल तर तिची फुगलेली बाजू पट्टीला लावायची, म्हणजे कापाच्या जागी पोकळी राहत नाही आणि पातं चिमटत नाही. काप झाला की करवत पार पट्टीच्या मागं ढकलायची, मगच फळीला हात. भुसा, ढलप्या, अडकलेला तुकडा दांडक्यानं सारायचा, बोटांनी नाही.

आणि शेवटचा नियम, ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसलोय. लांब फळीला दोन माणसं लागतात. मूठ धरणारा डावीकडं आणि फळीचं दुसरं टोक तोलणारा उजवीकडं. मोटार टांगलेली असते ती पात्याच्या उजव्या अंगाला. त्यामुळं मूठ धरणाऱ्याला समोरच्याचं डोकं दिसतं, खांदे दिसतात, हात मात्र दिसत नाहीत. म्हणून मिस्तरींच्या हाताखाली एक रिवाज होता. ओढायच्या आधी विचारायचं, “हाथ?” आणि पलीकडच्यानं सांगायचं, “पास है.” म्हणजे दोन्ही हात माझ्यापाशी आहेत, ये. गावाकडून आलेल्या माणसांच्या तोंडात त्याचं ‘हात?’ आणि ‘पाशी’ झालं. दिवसभर शेडमध्ये हेच चालायचं. हात? पाशी. हात? पाशी. नवा माणूस हसायचा. आठवडाभरात तोही म्हणायला लागायचा.

माझ्या समोर फळी तोलायचे ते मामा कन्नड तालुक्याकडचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखलेली, स्वतः मामा मात्र शेडमध्ये आलेले. माझ्या बापाच्या वयाचे असतील. मी त्यांना मामा म्हणायचो, ते मला संपादक.

“काय संपादक, आज कुणाला उभा चिरला?”

“अजून कुणी सापडला नाही, मामा.”

“मग मला घे. माझी सासू लई छळती म्हनून छाप.”

“नाव घालू का?”

“घाल की. तिला वाचता येत नाय.”

जेवताना ते आपल्या भाकरीवरचा ठेचा माझ्या डब्याच्या झाकणात काढून ठेवायचे, न विचारता. त्यांना माझी जात माहीत होती. मला त्यांची माहीत होती. त्यावर आमच्यात कधी बोलणं झालं नाही, आणि झालं नाही हेच बरं असं मला तेव्हा वाटायचं.

मग विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यातली गावं पेटली. ते सगळं मी इथं पुन्हा लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, ज्यांना माहीत नाही असं म्हणायचंय त्यांना मी काय सांगणार? जाळपोळ थांबली, पण मिटलं काहीच नाही. मोर्चे निघत राहिले, तुरुंग भरत राहिले. नाव अजून लागलेलं नाही. त्या दिवसांत मी आमच्या माणसांच्या एका वस्तीवर जाऊन आलो. जळालेली घरं पाहिली, माणसांशी बोललो आणि पत्रक लिहिलं. गावाचं नाव घातलं. खाली माझं नाव घातलं, कारण बिननावाचं पत्रक मला भ्याडपणाचं वाटतं.

ते गाव मामांच्या बहिणीचं सासर होतं. बहिणीच्या दिराला जाळपोळीच्या आरोपावरून पोलिसांनी नेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मामा शेडमध्ये आले, शर्ट खुंटीला टांगला आणि माझ्याकडं न बघता फळीच्या टोकाला उभे राहिले. मी म्हणालो, “मामा?” ते भुसा झाडत राहिले. जेवायच्या सुट्टीत ते खिळे ठोकणाऱ्यांच्यात जाऊन बसले आणि माझ्याकडं पाठ केली.

मी जे लिहिलं ते खरं होतं. त्यातलं एक अक्षर मी मागं घेतलं नाही, घेणारही नाही. पण खरं लिहिलं म्हणून जेवताना सोबत मिळते असं नाही. माझ्या वस्तीतली दोन माणसं त्याच शेडमध्ये होती. मी डबा घेऊन त्यांच्याकडं गेलो तर त्यातला थोरला खालच्या आवाजात म्हणाला, “तू लिहितो ते झ्याक लिहितो. घरी ये, चहा पाजतो. पण हितं आमच्यापाशी बसू नको. आम्हाला हितंच राहायचंय.”

मी त्यांच्यावर चिडलो नाही. फळ्यांच्या थप्पीआड जाऊन जेवलो. आंब्याच्या ओल्या लाकडाला एक आंबूस वास असतो. तो वास आणि गार भाकरी, असे माझे किती दिवस गेले ते मी मोजले नाहीत. पत्रकातला ‘आपण सारे’ कुठं बसून जेवतो, हा प्रश्न मात्र त्या थप्पीआड रोज पडायचा. मोर्च्यात माझ्या दोन्ही बाजूंना खांदे असायचे. कारखान्यात पाण्याच्या पिंपाजवळ मी गेलो की पेला खाली ठेवून माणसं बाजूला व्हायची. भांडण कुणीच केलं नाही. केलं असतं तर मला आवडलं असतं.

पण करवतीवर उभं राहिलं की मला विचारायला लागायचं, “हात?” आणि मामांना सांगायला लागायचं, “पाशी.”

दिवसभरात माझ्याशी बोलला जाणारा तो एकच शब्द. कुणाला हसू येईल, पण मी त्या शब्दाकरता सकाळी लवकर यायचो. मामांचा आवाज घोगरा असेल तर मला कळायचं की रात्री त्यांना खोकला होता. शब्द तुटक आला तर घरून काही वाईट कळलंय. कधी तो जरा लांब यायचा, ‘पाशीऽ’, आणि मला वाटायचं आता पुढं काहीतरी येईल. यायचं नाही. मी करवत येऊ द्यायचो, फळीचे दोन तुकडे व्हायचे, पुढची फळी.

ते इतरांना खुपलं असावं. एकदा चहाच्या वेळी खिळेवाल्यांपैकी एकानं मामांना सगळ्यांदेखत छेडलं. मी पिंपाजवळच होतो.

“मामा, अबोला धरला म्हनता आन दिसभर त्याच्यासंगं बोलता की.”

“काय बोलतो?”

“पाशी, पाशी करता. नवरी बोलती का एवढं नवऱ्यासंगं?”

सगळे हसले. दुसरा माझ्याकडं बघून, पण मामांना उद्देशून म्हणाला, “आन एका नावासाठी एवढा धिंगाना घालत्यात. नाव बदलून काय पोट भरतंय का? नाव म्हंजी काय, शब्दच की.”

त्याला उत्तर द्यायला माझ्याकडं अख्खी पत्रकं पाठ होती. मी बोललो नाही, कारण मामा माझ्याकडं बघत होते, आणि ते कितीतरी दिवसांनी बघत होते.

चहानंतर मी विचारलं, “हात?” पलीकडून शब्द आला नाही. फळीवर दांडक्याचे दोन ठोके आले. टक टक.

मी थांबलो. “हात?”

टक टक.

मामांनी तोड काढली होती. अबोलाही मोडायचा नाही आणि रिवाजही. पण तुम्ही विचार करून बघा. ठोका एका हातानं मारता येतो. दुसरा हात कुठंय? आणि पाठीमागं सबंध रांग खिळे ठोकतेय. त्या शेडमध्ये टक टक कुणाचं आहे हे कुणी सांगावं? शब्दाला तोंड असतं. ठोका कुणाचाही असतो.

मी मोटार बंद केली.

सुपरवायझर धावत आला. “का थांबवलं?”

“मामा हाताचं सांगत नाहीत.”

“ठोकतोय की तो.”

“ठोका चालत नाही. मला ऐकू आलं पाहिजे.”

“अरे, तुझ्याशी गुलुगुलु बोलायला ठेवलाय का त्याला? लग्न लावून देऊ का दोघांचं?”

“शिव्या देऊ द्या मला. पण तोंडानं देऊ द्या. नाहीतर मी ओढत नाही.”

सुपरवायझर मामांकडं वळला. मामा त्याला म्हणाले, “त्याला सांगा, हात माझ्यापाशी हायेत.”

“तो म्हणतोय, हात त्याच्यापाशी आहेत.”

“हां. आता ओढतो,” मी म्हणालो आणि मोटार चालू केली.

पुढच्या फळीलाही तसंच. मी विचारायचं, मामांनी सुपरवायझरला सांगायचं, सुपरवायझरनं मला. खिळे ठोकणारे हातोडे थांबवून बघायला लागले. चार-पाच फळ्या झाल्यावर सुपरवायझरनं कपाळावर हात मारला. “मला कामं आहेत. काय करायचं ते करा. सांजेला माल कमी निघाला तर दोघांनाही गेटाबाहेर काढतो.” आणि तो गेला.

राहिलो आम्ही दोघं, मधे चालू मोटार. रांगेत हातोडे पुन्हा सुरू झाले. मी पुढची फळी पट्टीला लावली आणि विचारलं, “हात?”

टक टक.

माझा उजवा हात मुठीवर होता. माल कमी निघाला तर काय होईल हे मला ठाऊक होतं. मामांचाही रोजगार त्यातच होता. ओढली असती तर शेडमध्ये कुणी मला बोल लावला नसता. ठोका आला होता, सगळ्यांनी ऐकला होता. मी कोपर ताठ केलं आणि करवत जागची हलवली नाही.

“मामा, हात?”

या वेळी काहीच आलं नाही. मामांचे खांदे मला दिसत होते आणि ते वाकलेले होते. मी डाव्या हातानं मोटार बंद केली. पातं सूं करत थांबेपर्यंत तसाच उभा राहिलो, मग टेबलाला वळसा घालून पलीकडं गेलो.

मामांचं दांडकं खाली, त्यांच्या पायाजवळ पडलं होतं. पट्टी आणि फळी यांच्या मधे एक ढलपी अडकली होती आणि तिच्यामुळं फळी नीट टेकत नव्हती. ती काढायला मामांनी बोटं घातली होती. डाव्या हाताची चारही बोटं बरोबर कापाच्या रेषेवर होती. ते ढलपीत इतके गुंतले होते की मोटार थांबल्याचंही त्यांना आधी कळलं नाही. मग कळलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग पात्याकडं, मग आपल्या हाताकडं. हात काढला नाही. तसाच ठेवून बघत राहिले, जणू तो दुसऱ्या कुणाचा असावा.

“तू ओढली का नाय?” मामांनी विचारलं. माझ्याशी. सरळ माझ्याशी.

“शब्द आला नाही.”

“ठोका तर आला व्हता.”

“तो तुमचा नव्हता.”

“तुला काय ठावं, माझा का दुसऱ्याचा?”

“नव्हतंच ठाऊक. म्हणून नाही ओढली.”

त्यांनी हात काढून घेतला. पंजावर दुसरा पंजा घट्ट दाबून धरला. मला वाटत होतं की आता ते रडतील किंवा मला जवळ घेतील. कारण पत्रकांइतक्याच मी गोष्टीही वाचल्या होत्या, आणि गोष्टींत तसं होतं.

मामा म्हणाले, “तू लिव्हलेलं माझ्या ध्यानात हाय. ते मी इसरनार नाय.”

“विसरू नका.”

“माझी बहीन तोंड दावायला भेती.”

“मामा, ज्यांची घरं जळाली त्यांच्याही बहिणी आहेत.”

त्यांनी खाली वाकून दांडकं उचललं, ढलपी त्यानं उडवली, फळी पट्टीला नीट टेकवली. आपल्या टोकाला जाऊन उभे राहिले. मी मोटार चालू केली.

“हात?”

“पाशी,” मामा म्हणाले. इतक्या मोठ्यानं की रांगेतले दोन-तीन हातोडे थांबले. ज्यानं चहाच्या वेळी छेडलं होतं त्याच्याकडं वळून त्यांनी पुन्हा म्हटलं, “पाशी. ऐकलं का रं? पाशी.”

एवढंच झालं. मामांनी माझ्यासोबत पुन्हा कधी जेवण केलं नाही. संपादक म्हणून हाक मारली नाही. मी थप्पीआडच जेवत राहिलो आणि आंब्याच्या लाकडाचा वास आता माझ्या डब्यालाच लागलाय. पुढं मामांना कन्नडकडं साखर कारखान्यात काम मिळालं. जायच्या दिवशी ते माझ्यासमोरून गेले, क्षणभर थांबले आणि मान हलवून गेले. ती मान कशाबद्दल होती हे मला माहीत नाही, आणि माहीत असल्याचा आव मी आणणार नाही. शेवटपर्यंत आम्ही एकमेकांच्या विरुद्ध बाजूलाच होतो, आणि रोज सांज होईपर्यंत त्यांची दहाही बोटं शाबूत होती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

आता माझ्या समोर दुसरा माणूस आहे. तो कामापुरता बोलतो. मी त्याच्याकडून जास्त मागत नाही.

नाव म्हणजे नुसता शब्द, त्यानं काय होतं, असं मला आजही कुणी ना कुणी ऐकवतं. मी आता पत्रक काढून दाखवत नाही. त्याला म्हणतो, शेडमध्ये ये, फळीच्या त्या टोकाला उभा राहा, आणि मी न विचारता करवत सोडू का ते सांग.

हे वाचणाऱ्यांत करवतीवर उभे राहणारे असतील, शेडचे मालक असतील, सुपरवायझर असतील. त्यांच्याकडं एक मागणं आहे. उद्या सकाळी मोटार चालू करण्याआधी समोरच्या माणसाबरोबर एक शब्द ठरवा. कुठलाही चालेल. तो तोंडानं बोलायचा. ठोका, शिट्टी, मानेची खूण यांवर भागवायचं नाही. तुमच्या शेडमध्ये कुणी कुणाशी बोलणं टाकलं असेल, जातीवरून, पक्षावरून, नामांतरावरून, तर त्या दोघांना एकत्र उभं करून बजावा की भांडण खुशाल चालू द्या, हा शब्द त्याच्या बाहेर राहील. आणि मूठ तुमच्या हातात असेल तर, मागून कुणी कितीही ओरडलं तरी, उत्तर कानावर येईपर्यंत करवत हलवू नका.